औषधाची सोबत की औषधाची अट?
हेरॉइनच्या व्यसनावर औषध आणि समुपदेशन बरोबरीने द्यावं, हे आता बहुतेक डॉक्टर मानतात. अमेरिकेत मात्र आधी औषधाविना उपचारांवरच भिस्त होती. केंटकीतल्या लेक्सिंग्टनला १९३५ मध्ये सरकारी रुग्णालय निघालं. तिथे माणसं महिनोन्‌महिने राहत, नशा सुटे, आणि घरी परतल्यावर बहुतेकांची पुन्हा सुरू होई. हे जवळून पाहिलेल्या मनोविकारतज्ज्ञ मेरी निस्वांडर यांनी १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत व्हिन्सेंट डोल आणि मेरी जीन क्रीक यांच्याबरोबर वेगळी वाट धरली. पहिले दोन रुग्ण मॉर्फिनवर होते तेव्हा पुढच्या इंजेक्शनची वाट बघत टीव्हीसमोर बसून राहत. त्याऐवजी मेथाडोन हे औषध सुरू झाल्यावर एक जण चित्रं काढू लागला, तर दुसऱ्याने राहिलेलं शालेय शिक्षण पुरं करायची इच्छा बोलून दाखवली. हेरॉइनचा अंमल काही तासांत उतरतो. मेथाडोनचा योग्य डोस दिवसभर पुरतो आणि पुढच्या पुडीसाठीची तगमग थांबते. १९६५ मध्ये त्यांनी २२ रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले. त्या उपचारात शिक्षण, नोकरी, घर यांसाठीची मदत होतीच. ती हाताशी आली, कारण औषधाने माणूस आधी सावरला होता.

‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ हा आक्षेप तेव्हापासूनचा. शरीर मेथाडोनला सरावतं, हे खरंच आहे. पण ज्याला वेळेवर डोस मिळतो, जो कामाला जातो, सुई टोचून घेत नाही, त्याचं आयुष्य नशेभोवती फिरत नाही, आणि तसं फिरणं हीच तर व्यसनाची खरी खूण. तरीही संशय टिकला. अमेरिकेत १९७२ च्या नियमांनी मेथाडोन ठरावीक केंद्रांत बांधून टाकलं, आणि समुपदेशन हळूहळू औषध मिळवण्याची अट बनलं.

अटीच्या बाजूने १९९३ चा एक अभ्यास भक्कम पुरावा ठरतो. ९२ रुग्णांपैकी ज्यांना मेथाडोनव्यतिरिक्त जवळपास काहीच मिळालं नाही, त्यांच्यातल्या ६९ टक्क्यांना प्रकृती किंवा चालू राहिलेली नशा यांमुळे अभ्यासातून हलवावं लागलं. नियमित समुपदेशन मिळालेल्यांत हे प्रमाण ४१ टक्के होतं, आणि वैद्यकीय, कौटुंबिक, रोजगाराची मदतही मिळालेल्यांत १९ टक्के. हा फरक मोठा आहे, आणि तो मान्यच करायला हवा. पण त्यावरून सिद्ध होतं ते मदत द्यावी एवढंच. मदत नाकारणाऱ्याचं औषध बंद करावं, हे त्यातून निघत नाही. २००६ च्या अभ्यासात ब्युप्रेनॉर्फिन या अशाच दुसऱ्या औषधावरच्या १६६ रुग्णांत नेहमीच्या थोडक्या समुपदेशनाऐवजी जास्त वेळाचं दिल्याने ठळक फरक पडला नाही. औषध अचानक थांबलं की सहनशक्ती घटलेला माणूस जुन्याच मात्रेने नशा करून श्वास थांबून मरू शकतो. समुपदेशनाची वेळ चुकवल्याची ती शिक्षा असू शकत नाही. अमेरिकेने २०२४ च्या नव्या नियमांत हे स्पष्ट केलं: रुग्णाने समुपदेशन नाकारलं, म्हणून त्याचं औषध अडवता येणार नाही.