जुना ध्वनिवर्धक आणि विश्वासू कारागीर

गिटारच्या ध्वनिवर्धकाचा इतिहास पाहू गेल्यास त्याचे नाते दुरुस्तीच्या मेजाशी जडलेले दिसते. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांनी १९३८ साली रेडिओ-दुरुस्तीचे दुकान थाटले. बिघडलेली यंत्रे उघडता उघडता ते निर्माते झाले. पुढे लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानातील दुरुस्तकार केन ब्रॅन यांनी सहकाऱ्यांसह फेंडरच्या ‘बेसमन’चा अभ्यास करून १९६२ च्या सुमारास मार्शलचा पहिला ध्वनिवर्धक सिद्ध केला.

त्यानंतर ट्रान्झिस्टर सर्वत्र रूढ झाला आणि व्हॉल्व्हची विद्या जाणणारे हात विरळ होत गेले. तेव्हा त्या काळचे यंत्र आज कोणाच्या स्वाधीन करावे?

फेंडरच्या पेटीत व्हॉल्व्हची मांडणी दाखविणारा कागद चिकटविलेला असे. त्यावर पुष्कळदा उत्पादनाचे वर्ष व महिना सुचविणारी दोन अक्षरे उमटविलेली असत. जाणता कारागीर हा दस्तऐवज प्रथम वाचतो. वीज तोडल्यावरही कपॅसिटरांत ४०० व्होल्टांहून अधिक दाब उरलेला असू शकतो. तो उतरविल्यावाचून तो आत हात घालीत नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर कालांतराने सुकतात. ते बदलणे प्राप्तच असते. परंतु शाबूत ट्रान्सफॉर्मर काढून टाकणे म्हणजे पुरावाच नष्ट करणे होय, कारण मूळचा नाद पुष्कळसा त्यावर अवलंबून असतो. काढलेला प्रत्येक भाग तो मालकास परत देतो आणि काय बदलले याची लेखी नोंद ठेवतो.

यंत्र सोपविण्यापूर्वीच या दोन गोष्टींचा शब्द घ्यावा. तो देण्यास जो का-कू करील, त्याच्या हाती यंत्र देऊ नये.