परतीची गाडी कितीची?

16 एप्रिल 1853 च्या दुपारी बोरीबंदरहून जी आगगाडी सुटली, तिच्यातल्या 400 पाहुण्यांपैकी बहुतेकांचं ठाण्यात काहीही काम नव्हतं. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं 14 डबे ओढत निघाली, तोफांची सलामी झाली आणि 34 किलोमीटरचा पल्ला तासाभरात संपला. ठाण्याला तंबू ठोकून फराळाची सोय केलेली होती. तो आटोपून मंडळी पुन्हा गाडीत बसली आणि संध्याकाळी मुंबईत परत. शाळेच्या पुस्तकात हा प्रसंग भारतीय रेल्वेचा श्रीगणेशा म्हणून येतो, आणि ते खरंच आहे. पण जरा तिरकं पाहिलं तर ती मुंबईकरांची रेल्वेने केलेली पहिली सहल होती. गेले, खाल्लं, आले.

आजही नागपूर-सोलापूरकडची बहीण मुलाबाळांसह चार दिवस मुंबईत उतरली, की दोन दिवसांत राणीचा बाग, गेटवे, चौपाटी, सिद्धिविनायक उरकतं आणि तिसऱ्या दिवशी ‘कुठेतरी बाहेर’ जायची टूम निघते. माथेरान, घारापुरी, अलिबाग, लोणावळा अशी नावं पुढे येतात, मुलं एका बाजूला, मोठी माणसं दुसऱ्या. वाद रंगात आला की घरातलं एखादं जुनं माणूस विचारतं, ‘परतीची गाडी कितीची?’ मुंबईच्या आसपासची सगळी सहलीची ठिकाणं मुळात या एका प्रश्नातून निवडली गेली आहेत.

अर्थात गाडी असून भागत नाही, सुट्टीही लागते. गिरण्यांमधल्या कामगाराला ती नव्हती. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून जी मागणी लावून धरली, तिच्यात आठवड्याला एक रजा ही ठळक बाब होती. रविवार खंडोबाचा वार, हाही त्या मागणीमागचा एक आधार सांगितला जातो. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्या सुट्टीत कोणी लगेच हवापालटाला गेलं नसेल. घरची कामं, बाजार, झोप यांतच ती जायची. पण सहलीला लागणारा रिकामा दिवस शहराला मिळाला, तो असा झगडून.

माथेरानचं भाग्य उजळलं तेही रेल्वेमुळेच. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी 1850 मध्ये या डोंगराचा ‘शोध’ लावला असं म्हणतात. शोध कसला, ठाकर, कातकरी, धनगर तिथे आधीपासून वावरत होतेच. साहेबाने तो डोंगर पहिल्यांदा पाहिला इतकंच. खरी गोष्ट घडली ती पायथ्याला. 1856 मध्ये लोहमार्ग खोपोलीपर्यंत पोचला आणि नेरळ मुंबईपासून काही तासांवर आलं. महाबळेश्वरला जायचं म्हणजे दिवसांचा हिशेब, माथेरानला तासांचा. नेरळला उतरून मात्र तट्टू, पालखी किंवा स्वतःचे पाय एवढेच पर्याय होते. ती अडचण पीरभॉय कुटुंबाने सोडवली. सर आदमजी पीरभॉय यांच्या घरच्या पैशांतून, सुमारे 16 लाख रुपये खर्चून, दोन फुटी रुळांची गाडी 1907 मध्ये वर पोचली.

ती गाडी डोंगराला वळसे घालत 20-21 किलोमीटरचं अंतर दोन तासांहून जास्त वेळात कापते. मुलांना यासारखी मजा नाही. पण ज्याला संध्याकाळी परतायचं आहे त्याने जाता-येता तिच्यातच बसायचं ठरवलं, तर माथेरान बघायला उरतं किती? जाणते लोक नेरळहून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जातात. तिथून पुढे मोटारींना बंदीच असल्याने तांबडी धूळ तुडवत चालायचं, नाहीतर घोडा करायचा. 2005 च्या पावसाने या रुळांची दैना केली, पुढेही गाडी बरेचदा बंद पडली, आणि दर पावसाळ्यात नेरळहून वर येणं थांबतंच. दगडावर नाजूक काम केलं की डोंगर ते अधूनमधून परत मागतो.

नेरळवरून जाणारी मोठी लाइन पुढे कर्जतला गेली आणि तिथे एक वेगळीच सोय झाली. बोरघाटाचा चढ 37 ला 1 इतका उभा. पुण्याकडे निघालेल्या गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं, म्हणजे बँकर, कर्जतला जोडावी लागतात. त्यासाठी गाडी काही मिनिटं थांबते. मागे साखळदंडांचा खणखणाट चाललेला असताना इकडे खिडकीतून हात बाहेर येतात, कागदात गुंडाळलेला गरम बटाटेवडा, वर लाल चटणी आणि तळलेली मिरची आत जाते, सुट्ट्या पैशांवरून घाई होते, आणि मागून एक हिसका बसला की उरलेले पैसे आले तर आले. कर्जतचा वडा प्रसिद्ध झाला यात वड्याइतकाच त्या चढाचा वाटा आहे.

याच घाटातून जाणारी, 1 जून 1930 ला सुरू झालेली दख्खनची राणी ही गाडी सुरुवातीला शनिवार-रविवारच्या प्रवाशांसाठी, विशेषतः रेसच्या शौकिनांसाठी होती. आज ती सकाळी पुण्याहून निघते आणि संध्याकाळी मुंबईहून परतते. थोडक्यात, एका दिवसात मुंबई उरकण्याची सोय पुणेकरांनी करून घेतली, आणि मुंबईकराला त्या गाडीचा सहलीपुरता उपयोग नाही!

सगळ्यात स्वस्त सहल बोरिवलीची. लोकलने उतरायचं आणि कान्हेरीची शंभरावर लेणी, त्यांच्यातली पाण्याची कोरीव टाकी पाहून दुपारी घरी. घरच्या जवळची म्हणून तिला कोणी सहल मानत नाही, एवढाच तिचा दोष.

समुद्राकडचा हिशेब वेगळा. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी बांधलेला भाऊचा धक्का 1841 च्या सुमाराचा. तिथून रेवसला जाणाऱ्या ‘रामदास’ बोटीने 17 जुलै 1947 च्या सकाळी धक्का सोडला. आषाढ अमावास्येच्या तोंडावर गावी निघालेल्या माणसांनी ती भरलेली होती. काशाच्या खडकाजवळ ती उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. रायगडच्या कित्येक घरांत ही अमावास्या अजून त्याच आठवणीने येते. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याच्या लहान बोटी बंद ठेवतात, तेव्हा ‘ऐन पावसातच अलिबाग छान दिसतं’ अशी तक्रार करणाऱ्यांना हा इतिहास सांगायला हवा.

अलिबागला पोचल्यावरही घड्याळ सुटत नाही. समोरच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला नाही. किनाऱ्यावरची माणसं तिथीची पाऊणपट करतात. अष्टमी असेल तर आठची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमारास आणि ओहोटी दुपारी बाराला. अष्टमीला निघालेल्या कुटुंबाचं किल्ला, जेवण, परतीची बोट असं सगळं नीट बसतं. पौर्णिमेला तेच गणित सव्वाअकराच्या भरतीवर येतं, आणि ऐन दुपारी पोचलेल्यांना किल्ला फक्त लांबून दिसतो.

2002 पर्यंत मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, 2024 च्या जानेवारीत अटल सेतू आला. परतीच्या गाडीचा धाक गेला, कारण गाडी स्वतःचीच. त्याऐवजी रविवारी संध्याकाळी खंडाळ्याच्या घाटात लागलेली तांबड्या दिव्यांची रांग आली. तिला वेळापत्रक नाही.

घारापुरीला मात्र जुना नियम टिकून आहे. गेटवेहून तासाभराची बोट, सोमवारी लेणी बंद, म्हणजे खुद्द शंकराच्या वारीच दर्शन नाही! ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो 1864 मध्ये विलायतेला नेण्याच्या खटपटीत फुटला आणि आता राणीच्या बागेत उभा आहे. म्हणजे हत्तीसाठी बोटीची गरजच नाही. 1875 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्ससाठी याच लेण्यात मेजवानी झाली होती. आताच्या पाहुण्यांना रात्री बेटावर राहता येत नाही. संध्याकाळी शेवटच्या बोटीची हाक आली की पायऱ्यांवरचे माळा-शंखवाले दुकानं आवरायला लागतात, पोरांची मोजदाद होते, बोट सुटते. मागे उरतात शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदरचे लोक. 2018 मध्ये समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल येईपर्यंत त्यांच्या घरांत संध्याकाळचे दोन-चार तासच जनरेटरवर दिवे लागायचे. समोर मुंबई रात्रभर उजळलेली दिसायची.