मेकॅनिक अडाणी की अडवलेला?

डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. तुम्ही कोपऱ्यावरच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याकडे जाता. तो बोनेट उघडतो, इंजिन ऐकतो आणि म्हणतो, "साहेब, ही कंपनीतच न्या." कंपनीत म्हणजे अधिकृत सर्व्हिस सेंटरला. परत निघताना तुमच्या मनात येतं, याला काही नवीन गाड्या जमत नाहीत.

हे 'जमत नाही' आलं कुठून? त्याला एक इतिहास आहे, आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं कागदपत्र म्हणजे भारतीय स्पर्धा आयोगाचा २०१४चा निकाल.

आधी थोडं मागे जाऊ. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडायची त्या काळात गाडीचा बिघाड दिसायचा, ऐकू यायचा, नाकाला कळायचा. गॅरेजमध्ये पोऱ्या म्हणून लागलेला मुलगा उस्तादाला पाने देता देता कार्बोरेटर खोलायला शिकायचा. शाळा तीच आणि प्रमाणपत्रही तेच. पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं आणि इंजिनाचा कारभार एका छोट्या संगणकाकडे गेला. आता बिघाड कोडच्या रूपात साठवला जाऊ लागला.

यातले प्रदूषणाशी संबंधित कोड ठरलेल्या प्रमाणानुसार असतात. बाजारातला साधा स्कॅनरही ते वाचतो. पण कोड म्हणजे फक्त लक्षण. त्यापुढची तपासणी कशी करायची, वायरिंग कुठून कुठे जातं, नवा भाग बसवल्यावर तो संगणकाला ओळखीचा कसा करून द्यायचा, ही माहिती कंपनीच्या मॅन्युअलमध्ये आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. तिथे उस्तादाचा कान पुरत नाही.

जानेवारी २०११मध्ये शमशेर कटारिया यांनी होंडा, फोक्सवॅगन आणि फियाट यांच्याविरुद्ध आयोगाकडे तक्रार केली. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं खुल्या बाजारात मिळत नाहीत, त्यामुळे ग्राहकाला अधिकृत केंद्राशिवाय पर्याय उरत नाही, असं तिचं सार होतं. चौकशी सुरू झाल्यावर लक्षात आलं की प्रश्न तीन कंपन्यांपुरता नाही. २५ ऑगस्ट २०१४च्या निकालात १४ कंपन्या दोषी ठरल्या. एकूण दंड २,५४४.६५ कोटी रुपये. त्यात एकट्या टाटा मोटर्सचा १,३४६.४६ कोटी.

बातम्या झाल्या त्या या आकड्यांच्या. मला मात्र दोन युक्तिवाद जास्त महत्त्वाचे वाटतात.

पहिला बाजारपेठेचा. कंपन्या म्हणाल्या, ग्राहक गाडी घेतानाच पुढच्या खर्चाचा हिशेब करतो. महाग वाटलं तर दुसरी गाडी घेईल. आयोगाने हे मानलं नाही. गाडी एकदा घेतली की तुम्ही त्या कंपनीच्या सुट्या भागांना बांधले जाता. होंडाचा भाग महाग आहे म्हणून मारुतीचा बसवता येत नाही. म्हणजे प्रत्येक कंपनी आपापल्या गाड्यांच्या सुट्या भागांपुरती मक्तेदार.

दुसरा युक्तिवाद सुरक्षिततेचा: बाहेरचा मेकॅनिक प्रशिक्षित नाही, त्याच्या हाती हे सगळं देणं धोक्याचं. ही भीती पोकळ नाही. एअरबॅग किंवा ब्रेकच्या कामात चूक झाली तर जीव जाऊ शकतो. पण नीट पाहा, यात एक चक्र आहे. माहिती नाही म्हणून कौशल्य नाही, आणि कौशल्य नाही म्हणून माहिती द्यायची नाही! असं चक्र सुरू राहिलं की काही वर्षांनी मेकॅनिक खरंच मागे पडतो, आणि मग तो मागे पडलाय हाच पुरावा म्हणून पुढे करता येतो.

आयोगाच्या आदेशांमध्ये या चक्रावर उपाय होता. तपासणीची उपकरणं सहज मिळावीत आणि स्वतंत्र गॅरेजवाल्यांसाठी प्रशिक्षणाची सोय उभी राहावी, असं त्यात म्हटलं होतं. तांत्रिक मदत आणि प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र पैसे घेऊन देण्याचाही विचार करावा, असंही होतं. म्हणजे कुणी काही फुकट मागत नव्हतं. शिवाय, गाडी बाहेर दाखवली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये. बाहेरच्या चुकीच्या कामाने नुकसान झालं असेल तर तेवढ्यापुरतीच करावी.

मग पुढे काय झालं? कोर्टकचेऱ्या. काही कंपन्या अपिलात गेल्या. २०१६च्या डिसेंबरमध्ये अपील न्यायाधिकरणाने टोयोटा, फोर्ड आणि निस्सान यांच्याबाबतचे निष्कर्ष कायम ठेवले, दंड मात्र कमी केला. टाटा, महिंद्रा वगैरे दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. तिथे २०१९मध्ये निकाल आला, पण त्यात बरीचशी चर्चा आयोगाची रचना, त्याचे अधिकार आणि सुनावणीची पद्धत यांवर. गॅरेजवाल्याचं प्रशिक्षण बाजूलाच राहिलं. २०२२मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं. वाहनं त्याच्या चार क्षेत्रांपैकी एक. युरोपीय संघाने मात्र दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना देण्याचं बंधन २००७च्या नियमातच घातलं होतं.

तर पुढच्या वेळी तुमचा गॅरेजवाला "कंपनीतच न्या" म्हणाला, तर त्याला एक प्रश्न विचारून बघा: नेमकं काय अडलं? हात, की माहिती?