दुनळीची जात

देवळाचा काळ ठरवावयाचा तर नुसत्या कळसाकडे पाहून भागत नाहीं. त्याचा लेख वाचावा लागतो. अंबरनाथचें शिवालय शके ९८२ चें, म्हणजे इसवी सन १०६० चें, मानतात तें तेथील शिलालेखावरून. त्या देवळापासून थोड्या कोसांवर, बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्यें, चामटोली हें गांव आहे. अशा गांवांतील एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर आजोबांच्या वेळची दुनळी बंदूक निघाली, तर तिचा इतिहास ठरविण्याची रीतहि हीच. मात्र बंदुकीचा लेख दर्शनी बाजूस नसतो. तो नळ्यांच्या पोटाखालीं दडलेला असतो.

ठाणे जिल्ह्याच्या डोंगरपट्टींत बंदूक ही केवळ शिकारीच्या हौसेची वस्तु नव्हती. तयार भात रानडुकरांपासून राखण्यासाठींहि ती बाळगीत. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें तिला परवान्याचें बंधन आलें, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीची हौस जवळजवळ संपविली. बंदुका थंडावल्या, परंतु त्यांच्याभोंवतींच्या आख्यायिका वाढत राहिल्या. 'ही मॅन्टनची', 'ही साहेबानें खूष होऊन दिलेली', अशीं वाक्यें अशा घरांतून ऐकूं येतात. आख्यायिका खोटीच असते असें नव्हे. पण तिला साक्षीदार हवा.

मॅन्टन हेंच नांव घेऊं. जॉन आणि जोसेफ हे मॅन्टन बंधु लंडनचे विख्यात कारागीर. त्यांपैकीं जोसेफ १८३५ सालीं वारला. मागून उघडून काडतूस घालण्याची बंदूक इंग्लंडांत रूढ होऊं लागली ती १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनानंतर. तेव्हां काडतुसाच्या दुनळीवर मॅन्टनचें नांव असलें, तरी ती जोसेफच्या हातची असणें शक्य नाहीं. कलकत्त्यास मॅन्टन नांवाची पेढी होती. तेथल्या मालावर तें नांव विक्रेत्याचें म्हणून येई. शिवाय बेल्जममधील लीएज शहरीं स्वस्त बंदुका विपुल होत, आणि त्यांतील कित्येकींवर नामांकित इंग्रज कारागिरांशीं मिळतीं-जुळतीं नांवें कोरलेलीं असत. 'वेस्टली रिचर्ड्स' या थोर पेढीच्या ऐवजीं नुसतें 'डब्ल्यू. रिचर्ड्स' दिसलें, म्हणजे जाणता मनुष्य नळ्या उलट्या करून पाहतो.

हें काम परवानाधारक कारागिराचें. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून तो नळ्यांखालचें लाकूड काढतो आणि नळ्या वेगळ्या करतो. त्यांच्या खालच्या सपाट बाजूवर बारीक ठसे असतात. नळींत नेहमींपेक्षां जबर दारू भरून ती उडवून पाहावयाची, टिकली तरच ठसा द्यावयाचा, अशी ही परीक्षा. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ सालीं सनद मिळाली. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ सालीं कायद्यानें स्थापन झालें. लीएजच्या ठशांत लंबवर्तुळामध्यें 'ई. एल. जी.' हीं अक्षरें असतात. तीं दिसलीं कीं वरच्या इंग्रजी नांवाचा डौल उतरतो. इंग्रजी ठशांवरून काळहि कळतो. 'गोळीसाठीं नव्हे' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द असले, तर नळीचें तोंड आंवळलेलें असून तिची परीक्षा १८७५ ते १८८७ या काळांतील. पुढें त्यांच्या जागीं 'चोक' हा शब्द आला. बर्मिंगहॅमच्या ठशांत मुकुटाखालीं 'एन. पी.' हीं अक्षरें असलीं, तर १९०४ च्या नियमांनंतर बिनधुराच्या दारूनें परीक्षा झाली असें समजावें. बाराचा आंकडा म्हणजे नळीच्या व्यासाच्या शिशाच्या बारा गोळ्यांचें वजन एक पौंड भरतें.

काळ ठरल्यावर नमुना, आणि नमुन्यानंतर प्रत. हे दोन प्रश्न निराळे आहेत. घोडे बाहेर दिसतात कीं आंत लपलेले आहेत, यंत्र बाजूच्या पट्टीवर बसविलें आहे कीं मधल्या पेटींत, हें पाहून नमुना कळतो. नळ्या खालीं मोडतांच आंतले घोडे आपोआप चढावे, अशी युक्ति वेस्टली रिचर्ड्सच्या पेढींतील ॲन्सन आणि डीली या दोघांनीं १८७५ सालीं काढली. पुढें ती इतरांनींहि उचलली. म्हणून तिच्यावरून बंदूक १८७५ पूर्वींची नव्हे एवढें ठरतें, कारागीर ठरत नाहीं.

प्रत म्हणजे एकाच नमुन्यांतील उंची-नीची: अक्रोडाच्या लाकडाची रग, नक्षीचें काम, रिकामें काडतूस आपोआप बाहेर फेकणारी योजना. बर्मिंगहॅमच्या ग्रीनरनें आपल्या प्रतींना जे आंकडे दिले, ते मूळच्या किमतीचेच होते. अमेरिकेंतील पार्कर बंधूंच्या बंदुकींत 'व्ही' हें अक्षर साध्या प्रतीचें आणि 'ए' उंची प्रतीचें. त्यापुढील 'एच' म्हणजे बाहेर घोडा नसलेली. यावरून प्रत पैशाची साक्ष देते, सामर्थ्याची नव्हे, हें ध्यानांत येईल.

येथेंच खरा धोका आहे. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, तापवून, गुंडाळून केलेल्या जुन्या नळ्यांवर लाटांसारखी सुंदर नक्षी उमटते. त्यांतील पुष्कळ नळ्या काळ्या दारूसाठींच केलेल्या होत्या. जुन्या बारा बोअरच्या बंदुकींत काडतुसाचें घर बहुधा अडीच इंचांचें असे. आजचें काडतूस सामान्यतः पावणेतीन इंचांचें, आणि ही लांबी उडाल्यावर उलगडलेल्या टोकासह मोजलेली असते. त्यामुळें न उडालेलें काडतूस आंत बिनतक्रार बसतें, परंतु उडतांना त्याचें टोक अरुंद जागेंत उलगडून दाब वाढतो. शंभर वर्षांच्या गंजानें पातळ झालेली नळी त्या दाबानें फुटली, तर पुढचा हात वांचत नाहीं. मोठ्या नांवावर विश्वासून बार काढणाऱ्याला इतिहासाची चूक बोटांनीं भरावी लागते.

यासाठीं अशी बंदूक सांपडतांच ती झाडून चालवून पाहण्याचा मोह आवरावा. १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वयें परवाना नसलेलें हत्यार घरीं ठेवतां येत नाहीं. तें विनाविलंब पोलीस ठाण्यांत कळवून जमा करावें. जुना परवाना घरांत असेल तर तो जपावा. त्यावरचा क्रमांक नळीवरच्या क्रमांकाशीं जुळला, तर आख्यायिकेला पहिला साक्षीदार मिळाला.

आणि साहेबाच्या नांवाखालीं लीएजचा ठसा निघाला तरी खंत करण्याचें कारण नाहीं. कोरलेलें नांव खोटें ठरलें, म्हणून ज्या हातांनीं ती बंदूक घेऊन रात्ररात्र भाताचें खळें राखलें, ते हात खोटे ठरत नाहींत.