तो कौल

सौंसरजवळच्या जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन घेऊन बाहेर चहाला थांबलो, तर बाकावर दोन वर्तमानपत्रं पडलेली. हिंदीत ‘जनादेश’, मराठीत ‘मतदारांचा कौल’. सौंसरकडे या दोन भाषा शेजारीच नांदतात, त्यात नवल नाही. पण त्या दिवसांत मी नागपूरच्या १८१७ च्या लढाईवर वाचत होतो, आणि ‘कौल’ पाहताच त्या लढाईतले अरब आठवले.

सीताबर्डीची लढाई सर्वांना ठाऊक आहे. १६ डिसेंबरला नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या स्वाधीन झाले. त्यांच्या चाकरीतले अरब मात्र शहर सोडीनात. २४ तारखेला जुम्मा दरवाजावर, म्हणजे आजच्या गांधी गेटवर, इंग्रजांनी केलेला हल्ला त्यांनी परतवला. मग बोलणी झाली. जिवाला, बायकामुलांना, मालमत्तेला धक्का लागू नये आणि मलकापूरपर्यंत सोबत इंग्रज अंमलदार असावा, एवढंच त्यांचं मागणं. ते मान्य झालं आणि महिनाअखेर त्यांनी शहर सोडलं. असल्या अभयवचनाला मराठी दफ्तरात नाव कौल. आणि हा शब्द मुळात अरबी : क़ौल म्हणजे बोल, दिलेला शब्द. कव्वालीही त्याच धातूची. घरापासून हजारो कोस दूर, हरलेल्या बाजूला उभ्या त्या शिपायांनी जे मागितलं, त्याचं मराठी नाव त्यांच्याच मायबोलीतलं होतं!

आता खरा वाद. देवाला लावतात तो कौल हाच का? मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होकार. काहींना यात शाक्तांचा कौलमार्ग दिसतो. मला ते पटत नाही. तिथे कौल म्हणजे कुलमार्गी साधक. तो कुणी देत नाही, घेत नाही. छपरावरचं कौल तर कपालापासून आलेलं, आणि ते नपुंसकलिंगी. देवाचा आणि अभयाचा मात्र ‘तो’ कौल, दोन्हीकडे ‘देणे’ आणि ‘घेणे’ हीच क्रियापदं. गोव्यात याच विधीला ‘प्रसाद’ म्हणतात. म्हणजे विधी जुना, नाव मागाहून चिकटलेलं.

पण तंबूतून गाभाऱ्यात तो पोचला कसा? मधला दुवा शेतकऱ्याचा, असं मी धरून चालतो. लढाई सरली की गावं ओस पडलेली असत. परागंदा रयतेला परत आणायला सरकार कौल देई : या, जमीन कसा, पहिली वर्षं सारा हलका, पुढे चढत जाईल. त्याला इस्तावा म्हणत. धन्याच्या तोंडून ‘भिऊ नका’ हे ऐकल्याशिवाय कुणबी नांगर जुंपत नसे. तोच कुणबी पेरणीआधी, सोयरिकीआधी देवासमोर उभा राही, तेव्हा त्याला ओळखीचा शब्द एकच होता. कागदाचा पुरावा माझ्याकडे नाही. पण मागणारा दुबळा आणि देणारा समर्थ, हे नातं दोन्हीकडे सारखंच आहे.

निवडणुकीत मात्र ते उलटलं. तिथे उमेदवार हात जोडून उभा असतो आणि कौल देतो तो सौंसरचा संत्रेवाला.