शंटिंगचे इंजिन

कोल्हापूर संस्थानाचा मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ साली खुला झाला. हातकणंगले हे त्यावरील एक स्थानक. अशा लहान स्थानकांवर शंटिंगसाठी निराळे इंजिन सहसा नसे. मालगाडीचेच इंजिन सुटून वाघिणी मालधक्क्याच्या रुळावर लोटीत असे. सांधेवाल्याने सांधा फिरवावा, गार्डाने झेंडी दाखवावी, इंजिनाने थोडे सरकावे आणि पुन्हा थांबावे. त्या थांबण्यातही कोळसा जळतच असे.

लहान स्थानकावर हा खर्च खपून जाई. परंतु जेथे अहोरात्र शंटिंग चाले, त्या इंग्लंडातील मोठ्या यार्डांत तो डोळ्यांत भरला. म्हणून लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेने १९३० नंतरच्या दशकात ३५० अश्वशक्तीची डिझेल-विद्युत् इंजिने या कामास लावली. वाफेच्या इंजिनास सिद्ध होण्यास तास लागत. यास मिनिटे पुरत. फायरमनचीही गरज उरली नाही. पुढे १९५२ ते १९६२ या काळात त्याच परंपरेतील ९९६ इंजिने ब्रिटिश रेल्वेसाठी बांधली गेली.

कोळसा वाचला, वेळ वाचला, एका माणसाचा पगारही वाचला. जोखीम मात्र होती तेथेच राहिली. रात्री, भर पावसात, आकड्याची काठी घेऊन वाघिणींच्या साखळ्या अडकविणारा मनुष्य यंत्र बदलल्याने सुटला नाही. हातकणंगल्यास काय किंवा इंग्लंडात काय, अंधारात इंजिन हाले ते रुळाशेजारच्या कंदिलाच्या इशाऱ्यावरच.