पोचपावतीचा हिशेब : कर्मिटची गोष्ट

एका संगणकावरची फाइल तारेवरून दुसऱ्यावर पाठवायची आणि एकाही अक्षराचा फरक न पडता पोहोचवायची, याला आज कोणी काम म्हणणार नाही. १९८० च्या सुमारास ते काम होते, आणि अवघड होते. तारेतली खरखर हे त्याचे एकच कारण नव्हते.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तेव्हा डेकसिस्टिम-२० आणि आयबीएमचा मेनफ्रेम अशी मोठी यंत्रे होती. त्यांवर विद्यार्थ्यांच्या वाट्याला जागा थोडी येई. आपले काम मायक्रोकॉम्प्युटरच्या फ्लॉपीवर उतरवून घेता आले, तरच ते हाताशी राहणार होते. हाती वाट एकच होती, टर्मिनलची सीरियल तार. पण ती माणसाने टंकन करावे म्हणून घातलेली. युनिक्सवरही हीच अडचण. टर्मिनलवरून ४ या मूल्याचे अक्षर आले की मजकूर संपला असे समजले जाते. १९ आले की पडद्यावरचे लेखन थांबते. फाइलमध्ये तर ही मूल्ये कुठेही येणार. प्रोग्रॅमने तार 'रॉ' अवस्थेत ठेवली तरी पलीकडचे यंत्र तसे वागेलच असे नाही. अनेक तारांवर आठवा बिट पॅरिटीतच खर्ची पडे.

वॉर्ड ख्रिस्टेन्सन यांची १९७७ ची एक्समोडेम पद्धत आठही बिट मोकळे मिळतील असे धरून चालते. कोलंबियाचे फ्रँक दा क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांनी उलट धरले : तार वाईटातली वाईट असणार. २९ एप्रिल १९८१ रोजी त्यांच्या पद्धतीने पहिली फाइल गेली. तिला नाव मिळाले 'मपेट'मधल्या बेडकाचे, कर्मिट.

मूळ कर्मिटमध्ये फाइलचे तुकडे पाकिटांत भरले जातात. पाकीट जास्तीत जास्त ९६ अक्षरांचे, आणि आरंभखूण सोडली तर सगळी अक्षरे छापता येण्याजोगी. ४ हे मूल्य '#D' असे जाते; आठवा बिट असलेले अक्षर, तार सात बिटांची असेल तर, '&' लावून जाते. प्रत्येक पाकिटावर लांबी, क्रमांक आणि शेवटी बेरजेची खूण असते. बेरीज जुळली तर पोच, नाही तर नकार.

खरी मेख पुढे आहे. पाकीट पोहोचले, पण पोचच वाटेत हरवली तर? पाठवणारा तेच पाकीट पुन्हा धाडतो. घेणारा क्रमांक पाहून ते टाकून देतो, पण पोच मात्र पुन्हा देतो. रजिस्टर्ड टपालाची पोचपावती आली नाही म्हणून पत्र पुन्हा पाठवावे, आणि पलीकडच्याने दुसरे पत्र न फोडता सही तेवढी करावी, तसे हे. क्रमांक नसता तर फाइलमध्ये तोच मजकूर दोनदा बसला असता.

पद्धत निर्दोष नव्हती. साध्या बेरजेला 'गज' आणि 'जग' सारखेच. अक्षरांची अदलाबदल तिला कळत नाही. म्हणून पुढे १६ बिटांची सीआरसी तपासणी आली. वेगाची किंमतही होती. सात बिटांच्या तारेवर यादृच्छिक बायनरी फाइल सुमारे पाऊणपटीने फुगते, आणि मुळात प्रत्येक पाकिटामागे पोचेची वाट पाहावी लागे. पुढे लांब पाकिटे आणि 'सरकत्या खिडक्या' आल्या, तेव्हा ही वाट पाहणे कमी झाले.

कर्मिट संथ, असा शिक्का त्यामुळे बसला. माझ्या मते तो अन्यायाचा आहे. वेगवान पद्धत जिथे सुरूच होत नव्हती, तिथे संथ पद्धत फाइल पोहोचवत होती. तुलना करायची तर या दोहोंची करावी. युनिक्ससाठी १९८५ मध्ये सी-कर्मिट आले. २०११ मध्ये विद्यापीठाने प्रकल्प बंद केला, पण सी-कर्मिट मुक्त परवान्याखाली खुले झाले. विश्वासार्हता तारेत नसते. ती दोन टोकांनी ठेवलेल्या हिशेबात असते. ज्या जागी आजही फक्त सीरियल तारच पोहोचते, तिथे हा हिशेब अजून चालतो.